सहावी सूना

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा हे तालुक्याचे गाव ज्या नदीच्या काठी आहे, तिचे नाव प्राणहिता. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून हे नाव सुरू होते आणि सिरोंचापाशी गोदावरीला मिळेपर्यंत चालते. संस्कृतात प्राण म्हणजे श्वास आणि ज्याच्या ठायी श्वास तो प्राणी; तेव्हा ‘प्राणांना हितकर’ असा या नावाचा विग्रह केला, तर त्यात माणूस आणि मुंगी यांच्यात भेद करायला जागा उरत नाही. गुरू मीन राशीत येतो त्या वर्षी या नदीचा पुष्कर, म्हणजे बारा वर्षांच्या फेऱ्याने येणारे स्नानपर्व, भरतो. मागचा पुष्कर १३ ते २४ एप्रिल २०२२ या दिवसांत झाला. अशा पर्वकाळी काठावर जे तर्पण होते, त्यातली पाण्याची ओंजळ केवळ पितरांसाठी नसते. ब्रह्मदेवापासून गवताच्या ठोंबापर्यंत जे जे म्हणून आहे, त्या सर्वांनी तृप्त व्हावे अशी भावना तिच्यात असते. एप्रिल सरतो, पुढे महिना-दीड महिन्यात पहिला पाऊस पडतो, आणि ज्या काठावर गवताच्या ठोंबालाही पाणी वाहिले गेले, त्याच काठच्या शेतांत गवताची व पिकाची मुळे खाणाऱ्या एका जिवाला मारायचे कसे, याची तजवीज करावी लागते. मारावे की मारू नये एवढाच हा प्रश्न असता, तर त्याचे उत्तर प्रत्येक संप्रदायाच्या पोथीत एका ओळीत मिळाले असते. खरा प्रश्न असा आहे की, जे मारणे टळत नाही, त्याचा हिशेब धर्मविचार कोणाच्या नावावर मांडतो, आणि जे मारणे टाळता आले असते, त्यालाही तोच हिशेब लागू पडतो काय.

ज्या जिवाबद्दल हे चालले आहे, त्याला मराठीत हुमणी म्हणतात. विदर्भात उन्नी हाही शब्द चालतो. हुमणी ही भुंगेऱ्याची अळी होय, आणि महाराष्ट्रात तिच्या अनेक जातींपैकी होलोट्रायकिया सेराटा ही विशेष उपद्रवी मानली जाते. वळिवाचा पहिला दमदार पाऊस झाला की जमिनीत निपचित बसलेले तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमून पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते, आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. ज्या कडुलिंबाच्या निंबोळीचा अर्क शेतकरी किडींवर फवारतो, त्याचाच पाला हा भुंगेरा आवडीने खातो, ही गोष्ट सृष्टीतील गुणधर्म माणसाच्या सोयीने वाटलेले नाहीत हे दाखवायला पुरेशी आहे. मादी मातीत साधारण ५० ते ६० अंडी घालते. त्यांतून निघालेली पांढरट, तपकिरी डोक्याची, चंद्रकोरीसारखी वाकलेली अळी आरंभी मातीतला कुजका पालापाचोळा खाते आणि थोडी मोठी झाली की मुळांकडे वळते. वरून रोप पिवळे पडते, उपटले तर हिसका न देता हातात येते, कारण त्याला मूळ उरलेले नसते. ऊस, भुईमूग, ज्वारी यांच्याइतकीच ती सागाच्या रोपवाटिकेतही नुकसान करते, आणि हिरवळीखाली फार झाली तर अंथरलेली सतरंजी गुंडाळावी तसे वरचे गवत मातीपासून सुटून येते. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी जे सागवान वाजतगाजत गेले, त्या जातीचे रोप वाढवायचे तर आरंभी त्याच्या मुळाशी असलेल्या या अळीशी गाठ पडते. मंदिराच्या दाराचीही सुरुवात अशी मातीतल्या झगड्यापासून होते.

शेती निर्दोष आहे असे प्राचीन भारतीय विचाराने कधी मानले नाही, ही बाब आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, लोक शेतीला चांगली म्हणतात खरे, पण लोखंडी फाळ भूमीला व भूमीत राहणाऱ्या जिवांना मारतो, म्हणून सज्जनांनी ही वृत्ती निंद्य मानली आहे, असे म्हटले आहे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा मांस विकणारा धर्मव्याध कौशिक नावाच्या तपस्व्याला हेच निराळ्या बाजूने सांगतो: नांगरणारा माणूस जमिनीतले असंख्य जीव मारतो, धान्याचा दाणा हाही जीवच आहे, चालताना पायाखाली जीव चिरडतात, तेव्हा हिंसा न करणारा या जगात आहे तरी कोण? दोन्ही ठिकाणी निरीक्षण एकच आहे, पण त्यातून काढलेले निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. स्मृतिकार त्या निरीक्षणाच्या आधारे एका व्यवसायाला खालची पायरी देतो, तर व्याध त्याच आधारे कोणालाही वरची पायरी नाकारतो आणि अखेरीस एवढेच म्हणतो की, अहिंसेत रमलेले यतीसुद्धा हिंसा करतातच, फक्त प्रयत्नाने ती कमी होते. अश्वघोषाच्या बुद्धचरितात तरुण सिद्धार्थ नांगरलेले रान पाहतो, उपटलेले गवत आणि मेलेले किडे, अंडी व पिले यांनी माखलेली माती पाहतो, आणि आपल्याच आप्तांचा वध झाल्यासारखा व्याकूळ होतो. त्याच वेळी उन्हाने व धुळीने रापलेले नांगरकरी आणि थकलेले बैल यांच्याविषयीही त्याला तितकीच करुणा वाटते. मारणारा आणि मरणारा यांना एकाच दृष्टीने पाहण्याची ही किमया स्मृतीला साधलेली नाही. सिरोंचासमोर, संगमाच्या पलीकडच्या तीरावर, तेलंगणातील काळेश्वरच्या मंदिरात एकाच पीठावर दोन लिंगे आहेत, एक मुक्तेश्वराचे म्हणजे शिवाचे आणि दुसरे काळेश्वराचे म्हणजे यमाचे. मृत्यूला आणि मुक्तीला निरनिराळे आसन न देण्याची ही कल्पना ज्यांनी दगडात कोरली, त्यांना व्याधाचे म्हणणे बहुधा परके वाटले नसते.

तरीही टळणाऱ्या आणि न टळणाऱ्या हिंसेतला भेद समजण्यासाठी पुन्हा मनुस्मृतीकडेच जावे लागते, कारण ‘पंचसूना’ ही संकल्पना तिच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्टपणे मांडलेली आहे. सूना म्हणजे जीव मारण्याची जागा, खाटकाचे ठिकाण. गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा असतात असे हा ग्रंथ सांगतो: चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. जळणाबरोबर जळणारे, दळणाबरोबर भरडले जाणारे, केराबरोबर लोटले जाणारे, कांडणात चेचले जाणारे आणि पाण्याच्या भांड्याखाली चिरडले जाणारे जीव हे या पाच जागांचे बळी. या पाचांची भरपाई म्हणून रोजचे पाच यज्ञ सांगितले आहेत, आणि त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे शिजलेल्या अन्नाचा काही भाग इतर जिवांसाठी काढून ठेवणे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, या पाचांपैकी एकही जागा चैनीची नाही. चूल, पाणी आणि झाडू यांच्यावाचून घर चालत नाही. दुसरी, यज्ञ केल्याने हिंसा झालीच नाही असे होत नाही. रोज हिंसा, रोज फेड, आणि उद्या पुन्हा नवे खाते, अशी ही व्यवस्था आहे. कायमची मुक्तता देणारी पावती तीत कोठेच मिळत नाही.

याच अध्यायात अन्न भूमीवर हळुवार ठेवावे असे सांगताना ते कोणाकोणासाठी, याची यादी येते, आणि त्या यादीत कावळ्यांच्या बरोबरीने कृमींचे नाव आहे. किड्यासाठी घास ठेवताना तो ‘हळुवार’ ठेवावा, ही सूचना विलक्षण कोमल आहे. पण त्याच श्लोकात, त्याच जमिनीवर, कुत्र्यांच्या जोडीला पतित, श्वपच आणि दुर्धर रोगाने ग्रासलेली माणसेही बसवलेली आहेत. किड्याला वर उचलणारा हात माणसाला खाली ढकलतो आहे, हे येथे डोळ्याआड करता येत नाही, आणि ज्यांच्या वाट्याला ती जमीन आली त्यांच्या नेत्याने २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन केले, त्यामागे हाच अनुभव होता. पंचसूनेची कल्पना मोलाची आहे असे मानणाऱ्याने ती कोणत्या पंक्तीतून उचलली आहे, हेही सांगितले पाहिजे.

हुमणीचा प्रश्न ज्यांना सर्वांत काटेकोरपणे सोडवावा लागला, ते महाराष्ट्रातील जैन शेतकरी होत. जैन म्हटले की व्यापारी डोळ्यांसमोर येतो; परंतु कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा दिगंबर जैन समाज मोठा आहे, आणि उसाचा हाच पट्टा हुमणीच्या उपद्रवाचाही पट्टा आहे. जैन आचारशास्त्र श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, हातून होणाऱ्या हिंसेचे चार प्रकार करते. मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट अशा घरकामात होणारी ती आरंभी. शेती, व्यापार इत्यादी उपजीविकेत होणारी ती उद्योगी. आणि आपल्यावर वा आश्रितांवर चालून आलेल्याला रोखताना होणारी ती विरोधी. गृहस्थाने यांपैकी संकल्पी हिंसा सर्वथा सोडावी, इतर तीन शक्य तितक्या कमी कराव्यात, अशी ही रचना आहे. नांगराच्या तासात सापडून मेलेली हुमणी उद्योगी हिंसेत जाते, यात अडचण नाही. पण जूनच्या संध्याकाळी बाभळीची फांदी हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकणारा माणूस मारण्याच्याच हेतूने उभा असतो. त्याची गणना कोठे करायची? पीक वाचवणे हा हेतू आणि मारणे हे त्याचे केवळ साधन, असे म्हटले तर कोणत्याही संकल्पी हिंसेला असाच दूरचा हेतू दाखवता येतो. विरोधी म्हणावे, तर हुमणी चालून आलेली नाही. ती आपल्या जागी आपले अन्न खाते आहे, आणि शेतच तिच्या मातीवर आलेले आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमजवळ जीवाश्मांचे उद्यान आहे, आणि प्राणहिता-गोदावरीच्या या खोऱ्यातील ज्युरासिक काळाच्या खडकांत माशांबरोबर कीटकांचेही अवशेष सापडले आहेत. जमिनीवर आधी कोण आले, या वादात माणसाची बाजू फारच लंगडी आहे.

या पेचातून निघण्याची एक वाट त्याच परंपरेतील दुसऱ्या त्रयीत सापडते: कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि मान्यता दिलेले कर्म. कर्त्याला या तिन्हींचा बंध लागतो. कीडनियंत्रणाच्या पद्धती या त्रयीच्या उजेडात पाहिल्या की त्यांच्यातले नैतिक अंतर लक्षात येते. फांदी हलवून भुंगेरे वेचणे हे कृत आहे. त्यात मारणाऱ्याच्या हाताला मेलेल्याची संख्या कळते, आणि अंडी घालण्यापूर्वी एक मादी वेचली तर पुढे ५०-६० अळ्यांचा संहार करावा लागत नाही, म्हणून एकूण हिंसा कमी करण्याच्या व्याधाच्या कसोटीला ही पद्धत चांगली उतरते. पीक निघाल्यावर केलेली खोल नांगरट हे अर्धे कृत, अर्धे कारित. फाळाने उघड्यावर आणलेल्या अळ्या नांगरामागे चालणारे बगळे आणि कावळे टिपतात, आणि या मृत्यूतून निदान कोणाचे तरी पोट भरते. मेटारायझियम ही परोपजीवी बुरशी शेणखतात मिसळून देणे हे उघडच कारित आहे: बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजतात, आत शिरतात, अळी मरते आणि तिच्या अंगावर हिरवट बुरशी धरते. शेतकऱ्याने येथे एका जिवाला दुसऱ्यावर सोडलेले असते. नैसर्गिक उपाय म्हणून हा अहिंसक, असे सांगण्याची हल्ली पद्धत पडली आहे. ती भोळेपणाची आहे. मरणाऱ्या अळीला बुरशी आणि विष यांत निवड करण्यासारखे काही नसते. बुरशीच्या बाजूने सांगण्याजोगी खरी गोष्ट एवढीच की, ती बहुतांशी कीटकांपुरती राहते आणि पाणी, पाखरे व माणसे यांच्या मागे लागत नाही.

विषाचे तसे नाही. हुमणीसाठी अनेक वर्षे सर्रास वापरल्या गेलेल्या दाणेदार फोरेटवर भारतात २०२० च्या अखेरीपासून बंदी आली, ती त्याच्या तीव्र विषारीपणामुळेच. २०१७ च्या खरिपात विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती फवारणी हुमणीवर नव्हती, परंतु विष कोणाच्या हाताने आणि कोणाच्या श्वासाने शेतात जाते, ते तिने दाखवले. फवारणारा मजूर ‘कृत’चा भार वाहतो, मालक ‘कारित’चा आणि बाजार ‘अनुमोदित’चा, परंतु नाकातोंडात विष जाते ते पहिल्याच्याच. हिंसेचा विचार किड्यापाशी सुरू होऊन किड्यापाशीच थांबला, तर तो अपुरा राहतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात या प्रश्नाला एक आधुनिक उत्तरही आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, आणि तेव्हापासून या भागातील असंख्य कुटुंबांनी पंचशील व बावीस प्रतिज्ञा स्वीकारल्या. पंचशीलातील पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे, आणि प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आहे. ही कुटुंबे धान लावतात, म्हणजे रोजच्या व्यवहारात त्यांचा किडीशी संबंध येतो. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात आंबेडकरांनी या पेचाचा थेट विचार केला आहे. बुद्धाने अहिंसा हा नियम म्हणून सांगितला नाही, तत्त्व म्हणून सांगितला, असे ते मांडतात. नियम मोडला जातो किंवा माणसाला मोडतो, तत्त्व मात्र त्याला स्वतः निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य आणि ओझे देते. त्यातला निर्णायक भेद मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला आहे. या भेदामुळे जैन विभागणीतली संकल्पी-उद्योगीची कोंडी बरीच सुटते, कारण प्रश्न हात काय करतो याकडून मन काय मागते याकडे सरकतो. गांधींचे मत, सेवाग्रामची वर्षे सरत आल्यावर, याच्या जवळपास येऊन ठेपले होते. १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी, माणसाचा घास खाणाऱ्या प्राण्यांना वाचवण्याची भावना आपल्यात नाही, असे स्पष्ट लिहिले. अर्थात गरज कोणाची आणि ती ठरवायची कोणी, हा प्रश्न दोघांनंतरही शिल्लक आहे.

या प्रदेशातील गोंडी परंपरेचे उत्तर आणखी वेगळ्या घडणीचे आहे. तिच्या कुळव्यवस्थेत प्रत्येक कुळाला ठरावीक प्राणी, पक्षी आणि वृक्ष पूज्य असतात आणि त्या कुळाने त्यांना अभय द्यायचे असते. दुसऱ्या कुळाला दुसरे. त्यामुळे कोणीही सगळ्यांना वाचवत नाही आणि कोणीही सगळ्यांना मारत नाही. अभय समाजभर वाटून दिलेले असते. शिवाय नवे फळ वा नवे धान्य ‘पंडुम’, म्हणजे सण, होऊन देवाला वाहिल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, हा दंडक घेण्यालाच वेळेची मर्यादा घालतो. पूर्ण अहिंसेचे ओझे एकेकट्या माणसावर टाकून मग त्याच्यासाठी सवलतींची यादी करण्यापेक्षा हा मार्ग अधिक व्यवहारी आहे, आणि तत्त्वचर्चेत त्याला आजवर मिळाली त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी.

युरोपात हाच पेच न्यायालयात गेला. लोझान येथे १४७९ मध्ये बिशपच्या न्यायपीठाने पिकांची मुळे खाणाऱ्या, बहुधा भुंगेऱ्याच्याच, अळ्यांवर खटला चालवून त्यांना शाप दिला. त्याहून मनोरंजक खटला सॅव्हॉयमधील सेंट ज्युलियनचा. तेथे १५४५ मध्ये द्राक्षमळे खाणाऱ्या हिरव्या सोंडे-भुंगेऱ्यांविरुद्ध फिर्याद झाली, तेव्हा देवाने भूमीची फळे केवळ माणसासाठी निर्माण केलेली नाहीत, असे म्हणून सामुदायिक प्रार्थनेचा आदेश निघाला; १५८७ मध्ये ते पुन्हा आले, पुन्हा खटला उभा राहिला, भुंगेऱ्यांना वकील मिळाला, आणि गावाने सभा भरवून त्यांना चरण्यासाठी जमिनीचा एक वेगळा तुकडा देऊ केला. वकिलाने तो नाकारला. जमीन नापीक असून आपल्या पक्षकारांच्या उपयोगाची नाही, असे त्याचे म्हणणे होते. या दप्तराचे शेवटचे पान उंदरांनी वा किड्यांनी खाल्लेले असल्याने निकाल काय लागला ते कळत नाही. यातला विनोद सोडला तरी किड्याचा वाटा मान्य करून मग तो किती यावर घासाघीस करणे, हा विचार भूतयज्ञापासून फार दूरचा नाही.

हा वाट्याचा विचार आधुनिक कीटकशास्त्रातही एका रूक्ष नावाखाली जिवंत आहे. ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणजे किडीची अशी संख्या, जिच्या खाली नियंत्रणाचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त होतो आणि म्हणून काहीही करू नये असा सल्ला दिला जातो. हुमणीसाठी शेतात ही पातळी साधारण एका चौरस मीटरला एक अळी अशी सांगितली जाते. सल्ल्यामागे दया नाही, जमाखर्च आहे; तरी परिणाम असा होतो की त्या आकड्याच्या खालची प्रत्येक अळी शेतकऱ्याच्या पानातून त्याच्या संमतीने जेवते. स्मृतीतला हळुवार ठेवलेला घास आणि कृषी विद्यापीठाच्या पत्रकातला हा आकडा एकाच ठिकाणी येऊन पोचतात, फक्त पहिल्यात देणाऱ्याला आपण देतो आहोत हे ठाऊक असते.

येथवर जी जी उत्तरे आली, ती सर्व भाकरीभोवती उभी आहेत. सूना पाच आहेत आणि त्या पाचही घराला लागतात; उद्योगी हिंसा उपजीविकेची आहे; आंबेडकरांची कसोटी गरजेची आहे; पंडुम अन्नाचा आहे. हिरवळीचे मात्र यांपैकी कशातच बसत नाही. हिरवळ म्हणजे जे गवत गुराला चारायचे नाही, छपराला शाकारायचे नाही, ज्याचे बी खायचे नाही आणि जे वाढले की कापून फेकायचे, असे गवत. सिरोंचाचा मुलूख १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्या काळातील अंमलदार ग्लासफर्ड याचे नाव तालुक्यातील ग्लासफोर्डपेठा या गावात अजून टिकून आहे. अंमलदारांच्या बंगल्यांभोवती आणि विश्रामगृहांपुढे राखलेले गवताचे गालिचे ही त्याच राजवटीने भारतभर रुजवलेली आवड, आणि पुढे ती सरकारी कार्यालये, शाळा, मंगल कार्यालये आणि नव्या वसाहतींतील घरे यांनी आपलीशी केली. या गालिच्याखाली हुमणी झाली तर ती कोणाचाच घास खात नाही. गंमत अशी की अमेरिकेत हिरवळीसाठी दिला जाणारा सल्ला शेतापेक्षा कितीतरी सैल आहे: निरोगी गवत एका चौरस फुटात पाच-दहा अळ्याही निमूट सोसते, असे तेथील मार्गदर्शक सांगतात. गवत सोसते, पिवळा डाग सोसवत नाही तो पाहणाऱ्याच्या डोळ्याला.

त्या डोळ्यापायी काय होऊ शकते, याचा दाखला अमेरिकेतच आहे. जपानी भुंगेरा १९१६ मध्ये न्यू जर्सीत आढळला, आणि त्याच्या अळ्यांनी हिरवळींची व भुंगेऱ्यांनी गुलाबासारख्या बागेतल्या झाडांची नासाडी चालवली. पुढे १९५४ मध्ये इलिनॉय राज्यातील शेल्डनच्या परिसरात त्याच्याविरुद्ध विमानातून डिल्ड्रिन हे विष पसरण्यात आले, तेव्हा पाखरे, खारी आणि घरोघरची मांजरे मोठ्या प्रमाणावर मेली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात रेचेल कार्सन यांनी ही हकीकत नोंदवून, जिवंत सृष्टीविरुद्ध असे युद्ध पुकारणारा समाज स्वतःला सुसंस्कृत म्हणवू शकतो काय, असा प्रश्न विचारला. त्या काळात अळीला रोगी करणारा एक जिवाणू तेथे उपलब्ध होता आणि १९३९ पासून सरकारी पातळीवर पसरवलाही गेला होता. म्हणजे गरज नव्हती, आणि साधन नाही अशीही अडचण नव्हती.

हिरवळीला म्हणूनच सहावी सूना म्हणता येईल, आणि तिची अडचण अशी की तिच्यासाठी सहावा यज्ञ नेमलेला नाही. पहिल्या पाच जागांत घरधनी आणि घरधनीण स्वतः असतात. चुलीपाशी जीव जळतो तेव्हा तेथे त्यांचाच हात असतो, म्हणून फेडही त्यांच्याच हातून होते. सहाव्या जागी मालक व्हरांड्यात असतो आणि दाणे टाकणारा माळी रोजंदारीवर. कोणत्याही परंपरेने ही हिंसा गृहस्थाच्या खात्यात पूर्वीच मांडून ठेवलेली नाही, त्यामुळे ती कोणत्याच खात्यात न पडता नाहीशी होते, आणि ज्या हिंसेची कोठे नोंद नाही ती वाढायला अडथळाही राहत नाही. यावर हिरवळ ठेवूच नये असे म्हणणे सोपे आहे. परंतु सौंदर्याची ओढही माणसाच्या गरजांतच मोडते असा युक्तिवाद होऊ शकतो, आणि तो पूर्णपणे खोडता येत नाही. मुले जिच्यावर खेळतात, दवाखान्यातले रुग्ण जिच्यावर संध्याकाळी बसतात, ती हिरवळ आणि नुसती पाहण्यासाठी राखलेली हिरवळ यांत फरक आहे. म्हणून येथे गवतापेक्षा एका डागाला मिळणाऱ्या सहनशीलतेवर अधिक अवलंबून आहे. पिवळ्या डागाखालची माती वीतभर खणून अळ्या मोजणे, त्या थोड्या असतील तर डाग तसाच ठेवणे, जास्त असतील तर हाताने वेचणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर बुरशीकडे जाणे, या क्रमाने गेलेला माणूस मारण्यापूर्वी निदान कोणाला मारायचे ते पाहतो.

आणखी एक साधन आहे, आणि त्याची कथा धर्मविचाराच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. भुंगेरे दिव्याकडे झेपावतात. ही एकच गोष्ट पाहून दोन परंपरांनी दोन उलट आचार बांधले. जैन परंपरेने सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचे जे व्रत सांगितले, त्याच्या कारणांत दिव्यावर झेपावणारे आणि अन्नात पडणारे कीटक हे एक प्रमुख कारण आहे. जीव मरू नयेत म्हणून दिवा नको. कीडनियंत्रणात प्रकाश सापळा लावतात, म्हणजे दिव्याखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे घमेले ठेवतात. जीव मरावेत म्हणून दिवा हवा. शेतात सापळ्याच्या बाजूने बोलता येते. हिरवळीवर मात्र रात्रभर जळणारे शोभेचे दिवे हे कोणीही न मांडलेले सापळेच असतात, फक्त त्यांच्याखाली घमेले नसल्याने आलेली मादी गवताच्या मातीत उतरते आणि श्रावणापर्यंत तेथे अळ्या झालेल्या असतात. पहिल्या पावसानंतरचे दोन आठवडे ते दिवे मालवले, तर सगळेच भुंगेरे टळतात असे नाही, कारण जवळ कडुलिंब असला तर काही तेथूनही उतरतात. परंतु जे केवळ उजेडासाठी येणार होते ते येत नाहीत, आणि जे आलेच नाहीत त्यांना मारण्याचा प्रश्नही उरत नाही. पहिल्या वादळी पावसात वीज जातेच अशी अनेक गावांची तक्रार असते. त्या रात्री भुंगेरे बाभळीवरच राहतात.